अपत्य प्रक्रिया व प्रवाहवळण

संगणकात चालू असलेल्या एका आज्ञावलीने दुसरी आज्ञावली स्वतः सुरू करावयाची आणि ती सुरू होण्यापूर्वीच तिचे आदान कोठून यावे व प्रदान कोठे जावे हे ठरवून द्यावयाचे, ही परिचालन प्रणालीने पुरविलेली एक मूलभूत सोय आहे. प्रत्यक्ष चालू स्थितीतील आज्ञावलीला प्रक्रिया म्हणतात. तीत आज्ञावलीच्या सूचना, तिला मिळालेली स्मृती, तिने उघडलेल्या फाइली आणि तिची चालू कार्यनिर्देशिका या सर्वांचा समावेश होतो. दुसरीला जन्म देणाऱ्या प्रक्रियेस जनक प्रक्रिया व जन्मलेल्या प्रक्रियेस अपत्य प्रक्रिया अशा संज्ञा आहेत. वापरणाऱ्याचे आदेश वाचून ते पार पाडणारा शेल, कच्ची आज्ञावली यंत्रभाषेत आणण्यासाठी एकामागून एक साधने चालविणारा संकलक, मागणी येताच दुसऱ्या आज्ञावलीकडून पान तयार करवून घेणारा जाल-सेवक ही या सोयीची नित्य आढळणारी उदाहरणे होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे युनिक्स व तिच्या धर्तीच्या प्रणालींमधील पद्धत वर्णिली आहे. कारण ही कल्पना तेथे सर्वांत स्वच्छ रूपात दिसते आणि तिच्यातील उणिवाही तेथेच अधिक ठळकपणे जाणवतात.

तीन प्रवाह : युनिक्समध्ये प्रक्रियेने उघडलेल्या प्रत्येक फाइलीस एक लहानसा पूर्णांक मिळतो. त्यास फाइल-निर्देशक म्हणतात. टर्मिनल, डिस्कवरील फाइल, जाळ्यावरील जोडणी किंवा दोन प्रक्रियांमधील नळी यांपैकी काहीही असो, प्रक्रियेच्या दृष्टीने तो केवळ वाचण्याचा किंवा लिहिण्याचा क्रमांक असतो. यांपैकी ० हा प्रमाणित आदानाचा, १ हा प्रमाणित प्रदानाचा व २ हा त्रुटिसंदेशांचा, असा संकेत आहे. आज्ञावली ० मधून वाचते व १ वर लिहिते. पलीकडे काय आहे याची चौकशी तिने करावयाची नसते. प्रवाहवळणाची सारी शक्ती या अज्ञानात आहे. शब्दांची वर्णक्रमाने मांडणी करणाऱ्या आज्ञावलीस कळफलकावरून शब्द आले काय, फाइलीतून आले काय, किंवा दुसऱ्या आज्ञावलीने पाठविले काय, तिच्या मजकुरात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही.

तिसरा प्रवाह आरंभी नव्हता. त्रुटिसंदेशही नेहमीच्या प्रदानातच जात. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात प्रकाशजुळणी यंत्र संगणकास जोडलेले होते. त्यावर मजकूर पाठवावा, कागद रसायनातून धुऊन काढावा आणि त्यावर ‘फाइल उघडता येत नाही’ अशा अर्थाची एकच ओळ सुबक टाइपात उमटलेली पाहावी, असा अनुभव तेथील अनेकांना आल्याचे स्टीफन जॉन्सन यांनी नमूद केले आहे. त्रुटींसाठी वेगळा प्रवाह राखण्याची प्रथा या त्रासातून पडली. प्रदान कोठेही वळविले, तरी तक्रार माणसाच्या डोळ्यांसमोर यावी, हा तिचा हेतू.

निर्मितीची पद्धत : युनिक्समध्ये नवी आज्ञावली सुरू करण्याचे काम एका आदेशाने होत नाही. ते दोन स्वतंत्र प्रणाली-आवाहनांत विभागलेले आहे. ‘फोर्क’ हे आवाहन चालू प्रक्रियेची तंतोतंत प्रत तयार करते. या क्षणापासून एकच मजकूर चालविणाऱ्या दोन प्रक्रिया अस्तित्वात येतात. जनकाला फोर्ककडून अपत्याचा क्रमांक उत्तरादाखल मिळतो, तर अपत्याला शून्य मिळते, आणि एवढ्यावरूनच प्रत्येकीला आपण कोण हे कळते. दुसरे आवाहन ‘एक्झेक’. ते प्रक्रियेची ओळख कायम ठेवून तिच्यातील जुनी आज्ञावली पुसून टाकते व तेथे नवी भरते. उघड्या फाइली आणि त्यांचे निर्देशक मात्र या स्थित्यंतरात जसेच्या तसे टिकतात.

फोर्क झाल्यानंतर व एक्झेक होण्यापूर्वी एक छोटासा अवकाश मिळतो. त्या अवधीत अपत्याच्या देहात अजून जनकाचाच मजकूर चालू असतो, पण तो करील ते फेरफार फक्त अपत्यापुरते असतात. प्रवाह वळविण्याचे काम याच अवकाशात उरकले जाते. समजा, एका आज्ञावलीचे प्रदान ‘यादी’ नावाच्या फाइलीत जावयाचे आहे. अपत्य ‘यादी’ उघडते, तिला मिळालेला निर्देशक, समजा ३, ‘डुप-२’ या आवाहनाने १ या जागी उतरवून घेते, ३ बंद करते आणि मग एक्झेक करते. नवी आज्ञावली जागी होते तेव्हा १ हा क्रमांक आधीच ‘यादी’कडे नेणारा असतो. १९७९ मधील सातव्या आवृत्तीत डुप-२ येईपर्यंत हेच काम प्रथम १ बंद करून मग ‘डुप’ने करीत. नव्या निर्देशकास सर्वांत लहान रिकामा क्रमांक मिळतो, या नियमाचा त्यासाठी उपयोग होई.

यातून उद्भवणाऱ्या दोन गोष्टी नवशिक्यास नेहमी चकवितात. एक म्हणजे वळणांचा क्रम. निर्देशकाची प्रत घेणे म्हणजे त्या क्षणी तो जेथे नेतो ते ठिकाण घेणे होय. प्रथम प्रदान फाइलीकडे वळवून मग त्रुटिप्रवाहास प्रदानाची प्रत दिली, तर दोन्ही फाइलीत जातात. हेच उलट क्रमाने केले, तर त्रुटिप्रवाह टर्मिनलवरच राहतो. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. एकाच फाइलीतून वाचून तिच्यातच क्रमवारी लावलेला मजकूर परत लिहावा, अशा हेतूने आदान व प्रदान दोन्ही त्याच फाइलीकडे वळविले, तर मूळ मजकूर नष्ट होतो. कारण लेखनासाठी उघडताना शेल ती फाइल रिकामी करतो, आणि हे एक्झेकपूर्वीच घडते. क्रमवारी लावणारी आज्ञावली सुरू होईपर्यंत वाचण्यासारखे काहीच उरलेले नसते, आणि कोणताही त्रुटिसंदेश येत नाही. प्रदानाच्या फाइलीचे नाव स्वतंत्रपणे सांगण्याची सोय ‘सॉर्ट’ या आज्ञावलीत आहे, तिचा एक उपयोग हा अपघात टाळण्यासाठी होतो.

इतिहास : प्रक्रियेस फाटा फोडण्याची कल्पना मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६३ मध्ये बहुप्रक्रियक यंत्रांच्या संदर्भात मांडली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जीनी प्रकल्पातील कालविभागी प्रणालीत ती प्रत्यक्षात आली, आणि तेथून ती युनिक्समध्ये उतरली. केन टॉम्सन यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्सचा पहिला अवतार रचला. त्यात आरंभी फोर्कही नव्हते व एक्झेकही नव्हते. प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रक्रिया असे. शेल आदेश वाचून त्या आज्ञावलीला स्वतःच्या जागेवर आणून बसवी व ती संपल्यावर शेल पुन्हा भरला जाई.

पुढे फोर्क जोडण्यात आले तेव्हा त्यास यंत्रभाषेच्या केवळ २७ ओळी लागल्या, असे डेनिस रिची यांनी या प्रणालीच्या उत्क्रांतीवरील आपल्या निबंधात लिहिले आहे. स्मृतीतील प्रक्रिया डिस्कवर नेऊन ठेवण्याची यंत्रणा तयार होतीच. फोर्कने चालू प्रक्रियेची प्रत तेथे लिहावयाची व प्रक्रियांच्या कोष्टकात थोडी दुरुस्ती करावयाची, एवढेच काम होते. आज ज्या विभागणीची वाखाणणी होते ती दीर्घ चिंतनातून नव्हे, तर हाताशी जे होते त्यात कमीतकमी भर घालण्याच्या काटकसरीतून आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या बदलाचे अनपेक्षित परिणाम लगेच दिसले. कार्यनिर्देशिका बदलणारा आदेश एकाएकी निरुपयोगी झाला. पुष्कळ शोधानंतर उलगडा झाला, की तो आदेश आता अपत्यात चालत होता. अपत्य आपली निर्देशिका बदलून लगेच नाहीसे होई व शेल होता तेथेच राही. तेव्हापासून हा आदेश शेलला स्वतःच पार पाडावा लागतो. दुसरा परिणाम प्रवाहवळणाशी थेट निगडित होता. आदेशांच्या एका फाइलीत दोन आदेश एकापुढे एक लिहिले व सर्वांचे प्रदान एका फाइलीत वळविले, तर दुसऱ्याचे प्रदान पहिल्याच्या प्रदानावर लिहिले जाई. फाइलीत कोठवर लिहून झाले ही खूण प्रत्येक प्रक्रिया स्वतःजवळ बाळगीत असल्याने पहिल्या अपत्याने पुढे सरकविलेली खूण त्याच्याबरोबरच नष्ट होई, आणि शेलजवळ, व म्हणून दुसऱ्या अपत्याजवळ, ती शून्यच असे. उपाय म्हणून ही खूण प्रक्रियेबाहेर, सबंध प्रणालीच्या सामाईक कोष्टकात ठेवण्यात आली. जनक व अपत्य यांच्या निर्देशकांमागे आजही अशी एकच खूण असते, आणि त्यामुळेच एकामागून एक चालणाऱ्या आज्ञावलींचे प्रदान एका फाइलीत सलग साठते.

प्रवाह वळविण्याची सामान्य कल्पना मल्टिक्स या पूर्वीच्या प्रणालीत होती. परंतु तेथे त्यासाठी जोडण्याचे व सोडविण्याचे वेगवेगळे आदेश द्यावे लागत. युनिक्सने तीच गोष्ट ‘<’ व ‘>’ या दोन चिन्हांवर आणली.

नळी : एका प्रक्रियेचे प्रदान सरळ दुसरीच्या आदानात सोडणाऱ्या योजनेस नळी किंवा पाइप म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये एका टिपणात, बागेतील रबरी नळीचे तुकडे जसे एकमेकांस जोडता येतात तशा आज्ञावली जोडता याव्यात, अशी कल्पना मांडली होती. युनिक्समध्ये ती यावी म्हणून त्यांनी पुढे बराच आग्रह धरला. अखेर टॉम्सन यांनी तिची रचना केली, आणि फेब्रुवारी १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या हस्तपुस्तिकेत तिची नोंद झाली. आरंभी नळीसाठीही ‘>’ हेच चिन्ह वापरीत. ते संदिग्ध ठरू लागल्याने काही महिन्यांतच ‘|’ ही उभी रेघ रूढ झाली.

नळी म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील एक मर्यादित साठा होय. ‘पाइप’ या आवाहनाने दोन निर्देशक मिळतात, एक वाचण्याच्या टोकाचा व दुसरा लिहिण्याच्या टोकाचा. फोर्कनंतर दोन्ही टोके जनक व अपत्य दोघांजवळ असतात. ज्याला जे टोक नको ते त्याने बंद करावयाचे असते. साठा रिकामा असता वाचणाऱ्यास थांबविले जाते, भरला असता लिहिणाऱ्यास. आरंभीच्या युनिक्समध्ये हा साठा ४,०९६ बाइटांचा होता. लिनक्समध्ये २००५ पासून तो सामान्यतः ६५,५३६ बाइटांचा आहे. लिहिण्याचे टोक बाळगणारी शेवटची प्रक्रिया ते बंद करते तेव्हाच वाचणाऱ्यास मजकूर संपल्याची खूण मिळते. उलट, वाचणारे कोणीच उरले नाही तर लिहिणाऱ्यास एक संकेत पाठविला जातो व तो बहुधा तेथेच संपतो. प्रदीर्घ यादीच्या पहिल्या दहा ओळीच हव्या असतील, तर त्या मिळाल्यावर मागची आज्ञावली आपोआप थांबते ती या नियमामुळे.

व्यवहारातील अडचणी : वरील नियम थोडके आहेत, परंतु त्यांच्या संयोगातून उद्भवणारे दोष शोधण्यास कठीण असतात; कारण बहुतेक वेळा काही चुकले असे दिसत नाही, आज्ञावली नुसती स्तब्ध होते. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे न मिटलेले टोक. जनकाने अपत्याच्या आदानासाठी नळी तयार केली, तीत सर्व मजकूर ओतला व आपले टोक बंद केले. पण लिहिण्याच्या टोकाची एक प्रत फोर्कच्या वेळी अपत्याकडेच राहून गेली. आता अपत्य मजकूर संपल्याच्या खुणेची वाट पाहते, आणि ती खूण न येण्याचे कारण ते स्वतःच असते.

परस्परकोंडी हा दुसरा प्रकार. जनक अपत्याच्या आदानात मोठा मजकूर लिहीत आहे आणि सर्व लिहून झाल्यावर त्याचे प्रदान वाचणार आहे, असे समजू. अपत्य वाचता वाचता प्रदानही लिहीत जाते. प्रदानाची नळी भरते व अपत्य थांबते. ते वाचेनासे झाल्यामुळे आदानाची नळी भरते व जनकही थांबतो. दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबून राहतात. त्रुटिप्रवाहासाठी स्वतंत्र नळी ठेवली व ती वाचली नाही, तरी हेच घडते. हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही. चाचणीचा मजकूर लहान असतो, तो नळीच्या साठ्यात मावतो व सर्व सुरळीत चालते. प्रत्यक्ष कामात ६५,५३६ बाइटांची मर्यादा ओलांडली गेली की कोंडी होते. सर्व नळ्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवून जी तयार असेल ती हाताळणे, किंवा प्रत्येक नळीसाठी आज्ञावलीत वेगळा धागा ठेवणे हे यावरील उपाय आहेत. नळीचा आकार वाढविणे हा उपाय नव्हे. त्याने कोंडी फक्त पुढे ढकलली जाते.

तिसरी अडचण गाभ्यात नसून भाषेच्या ग्रंथालयात आहे. सी भाषेचे प्रमाणित ग्रंथालय प्रदान टर्मिनलकडे जात असेल तर सामान्यतः ते ओळीओळीने पाठविते. अन्यत्र जात असेल तर मोठा साठा भरेपर्यंत स्वतःजवळ राखते. त्यामुळे माणसाशी प्रश्नोत्तरे करणारी आज्ञावली नळीमागे ठेवली, की ती मुकी झाल्यासारखी भासते. तिचा प्रश्न तिच्याच साठ्यात पडून असतो. म्हणजे ज्या अज्ञानावर ही सारी योजना उभी आहे ते येथे मोडते : आज्ञावली पलीकडे काय आहे हे पाहते व त्याप्रमाणे वागणूक बदलते. यावर अपत्यास नळीऐवजी आभासी टर्मिनल द्यावे लागते. डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले ‘एक्स्पेक्ट’ हे साधन याच तत्त्वावर चालते. याच साठ्यामुळे आणखी एक चमत्कार घडतो. फोर्कपूर्वी जनकाचा साठा रिता केला नाही, तर त्याची प्रत अपत्याकडे जाते आणि एकच ओळ दोनदा उमटू शकते.

संपलेल्या अपत्याची विचारपूस जनकाने ‘वेट’ या आवाहनाने करावयाची असते. ती न केल्यास अपत्याची नोंद कोष्टकात उरते. अशा अपत्यास झोंबी म्हणण्याचा प्रघात आहे. अधिक गंभीर प्रश्न नकळत मिळालेल्या वारशाचा आहे. एक्झेकनंतरही निर्देशक टिकतात हा नियम जितका उपयुक्त तितकाच धोक्याचा आहे, कारण जनकाने उघडलेली गोपनीय फाइल किंवा जाळ्यावरील जोडणी अपत्यास आपोआप मिळते. निर्देशकावर ‘एक्झेक होताच बंद’ अशी खूण करण्याची सोय जुनी आहे, पण फाइल उघडणे व खूण करणे या दोन पायऱ्यांमध्ये दुसऱ्या धाग्याने फोर्क केले तर ती निष्फळ ठरे. उघडतानाच खूण करण्याची सोय लिनक्समध्ये २००७ मध्ये आली व २००८ च्या पॉझिक्स मानकात तिचा समावेश झाला. पायथन भाषेने २०१४ मध्ये ३·४ या आवृत्तीपासून नियमच उलटा केला : आज्ञावलीने स्वतः उघडलेले निर्देशक मुद्दाम सांगितल्याखेरीज अपत्यास मिळत नाहीत.

अन्य पद्धती : १९८३ मधील एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रवाहवळणाची व नळीची चिन्हे युनिक्सवरून आली. मात्र ही प्रणाली एका वेळी एकच आज्ञावली चालवीत असल्याने नळी हा केवळ देखावा होता. पहिल्या आज्ञावलीचे सर्व प्रदान डिस्कवरील तात्पुरत्या फाइलीत साठवून, ती संपल्यावर दुसरीस ते वाचावयास दिले जाई. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये खरी अपत्य प्रक्रिया मिळाली, पण फोर्क नाही. तेथे नवी प्रक्रिया दहा घटक घेणाऱ्या एकाच आवाहनाने निर्माण होते व तिचे तीन प्रवाह एका सारणीत लिहून द्यावे लागतात. या पद्धतीत अपत्याच्या देहात जनकाचा मजकूर कधीच चालत नाही, त्यामुळे आवाहनाच्या रचनाकाराने जे आधी योजले नाही ते करता येत नाही. वारशाचा प्रश्नही तेथे सुटला नव्हता. ठराविक हँडलेच अपत्यास देण्याची सोय विंडोज व्हिस्टापासून (२००७) उपलब्ध झाली.

फोर्कवरील मुख्य आक्षेप खर्चाचा होता : लगेच पुसून टाकावयाच्या स्मृतीची प्रत काढावीच कशाला? १९७९ मध्ये बर्कली युनिक्सने ‘व्हीफोर्क’ आणले, त्यात अपत्य एक्झेक करीपर्यंत जनकाचीच स्मृती उसनी घेते. पुढे लेखन होईल तेव्हाच पानाची प्रत काढण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली. तरीही स्मृतीच्या पानांची कोष्टके उतरवावी लागतातच, आणि प्रक्रिया प्रचंड असेल तर तो वेळ जाणवतो. त्याहून मूलगामी आक्षेप धाग्यांमुळे उत्पन्न झाला. अनेक धाग्यांच्या प्रक्रियेत फोर्क केले असता आवाहन करणारा धागाच अपत्यात येतो. इतर धाग्यांनी लावलेली कुलुपे मात्र तशीच लागलेली येतात, आणि ती उघडणारे कोणी नसते. म्हणून अशा प्रक्रियेत त्या मधल्या अवकाशात स्मृती मागण्यासारखी साधी गोष्टही निर्धोक राहिलेली नाही. बाउमान, अपाव्हू, क्रीगर व रॉस्को यांनी २०१९ मधील एका निबंधात फोर्क कालबाह्य झाले असून ते नव्या प्रणालींत आणू नये, असे प्रतिपादन केले. निर्मितीच्या नव्या पद्धती सुचविताना ही टीका बव्हंशी रास्त ठरते. परंतु शेलसारख्या लहान, एकाच धाग्याच्या आज्ञावलीस फोर्कइतके सुटसुटीत साधन अद्याप मिळालेले नाही, हेही तितकेच खरे.

‘पॉझिक्स-स्पॉन’ हे या दोहोंमधील तडजोडीचे आवाहन आहे. १९९९ मध्ये मानकात आलेल्या या आवाहनास जनक कृतींची यादी देतो : अमुक फाइल अमुक क्रमांकावर उघड, अमुक निर्देशकाची प्रत घे, अमुक बंद कर. गाभा किंवा ग्रंथालय ती क्रमाने पार पाडून आज्ञावली सुरू करते. उच्चस्तरीय भाषांतील सोयी याच धर्तीच्या आहेत. जावामध्ये २००४ मध्ये ‘प्रोसेसबिल्डर’ व त्याच वर्षी पायथनमध्ये ‘सबप्रोसेस’ हे विभाग आले. पायथनच्या विभागातील ‘कम्युनिकेट’ ही कृती आदान पुरविणे आणि दोन्ही प्रदाने वाचणे एकाच वेळी करते, त्यामुळे वर वर्णिलेली परस्परकोंडी तेथे होत नाही. मात्र सर्व मजकूर ती स्मृतीत साठविते, त्यामुळे अमर्याद प्रदानासाठी ती उपयोगी नाही. आज्ञावलीचे नाव व तिचे घटक या सोयींना वेगवेगळे देता येतात. ते एका ओळीत जोडून शेलकडे सोपविले, तर बाहेरून आलेल्या मजकुरातील ‘|’ किंवा ‘>’ हे चिन्हदेखील शेल आदेश म्हणून वाचतो.